लाल दांड्याची गाळणी

तुमच्या घरचा फ्रीजर पाहुण्यांसमोर उघडून दाखवायची तुमची तयारी आहे का? लगेच 'हो' म्हणू नका. आधी उठा, स्वयंपाकघरात जा, मटारच्या पिशवीमागं हात घालून बघा आणि मग या. आमच्या पुंडलिकनगरात मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे. माणसं पगार सांगतात, शुगर सांगतात, पोरांचे मार्क सांगतात, फ्रीजरचं नाव काढलं की मात्र घसा खाकरतात.

म्हणून आधीच ठणकावून सांगते. पुंडलिकनगरात बाहेर-भीतर सारखा असा शुद्ध शाकाहारी माणूस एकच आहे, आणि फ्रीजरमध्ये अळ्यांचं पाकीट ठेवणारा माणूसही एकच आहे. आणि ही दोन्ही माणसं म्हणजे माझे मामा. आईचे भाऊ नव्हेत, आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. आमची गल्ली तशी सगळी माळकरी आणि सोवळी; पण ते सोवळं उंबऱ्याच्या आतलं. रविवारी दुपारी जालना रोडवरच्या ढाब्यांवर गल्लीतल्या गाड्या रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा मागच्या अंगणात लावलेल्या असतात. बाहेर खाल्लेलं घरात धरत नाहीत, अशी आमची रीत आहे. मामा मात्र बिस्किटाचा पुडा घेतला तरी चष्मा पुसून त्यावरचा हिरवा ठिपका शोधतात. केक कापायला बोलावलं तर टाळ्या वाजवतात, तुकडा घेत नाहीत. अशा माणसाच्या फ्रीजरमध्ये डाव्या कोपऱ्यात, तीन पिशव्यांच्या आत, चॉकलेटच्या वडीसारखं खणाखणांचं एक पाकीट असतं, आणि प्रत्येक खणात गडद लाल बारीक अळ्यांचा एक गोठलेला चौकोन.

हे घडलं ते निरोप समारंभामुळं. मामा मूळचे करमाडचे, नोकरी सगळी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत गेली. त्यांच्या आधी निवृत्त झालेल्या सगळ्यांना कंपनीतल्या मंडळींनी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. आता घड्याळ नको म्हणून कुणीतरी टूम काढली आणि मामांना माशांची काचपेटी मिळाली. तीत चार-पाच एंजल, पतंगासारखे उभे आणि ऐटबाज, आणि निळ्या रेघेचे छोटे टेट्रा. मामांनी दुकानातलं कोरडं खाद्य चिमटीनं घालायला सुरुवात केली. मासे खायचे, पण सरकारी कार्यालयातला माणूस फायलीकडं बघतो तसे खाद्याकडं बघायचे. रंग उतरला, पंख मिटले. मामा शहागंजाकडच्या मासेवाल्या दुकानात गेले. दुकानदारानं मामांच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडं पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, माळ आप पहनो, मछली को नक्को पहनाओ. उसकू कीडा होना." त्याला किडाच पाहिजे, म्हणून त्यानं अळ्यांचं गोठवलेलं पाकीट समोर ठेवलं.

मामा पाकीट न घेता घरी आले आणि दोन जेवणं नीट जेवले नाहीत. आत्याला वाटलं पित्त झालं. शेवटी ताटावरून उठताना ते म्हणाले, "माळ म्या घातली. माशाला कुणी इचारलं व्हतं? माझा नेम माझ्यापुरता. दुसऱ्याच्या पोटावर नाय लादायचा." आणि तसेच जाऊन पाकीट घेऊन आले. मोठमोठ्या परिषदांमध्ये मी आहारस्वातंत्र्यावरची भाषणं ऐकली आहेत, त्यांची पत्रकंही काढली आहेत, पण त्या एका वाक्याएवढं छोटं आणि पुरेसं मला काही लिहिता आलेलं नाही.

आत्यानं अर्थातच रान उठवलं. ती माळकरी घरातली, माळकरी घरात दिलेली. तिनं अटी घातल्या. पाकीट तीन पिशव्यांत. अळ्या धुवायची गाळणी लाल दांड्याची, चहाची हिरव्या दांड्याची, आणि दोन्ही एका खिळ्याला कधी टांगायच्या नाहीत. आणि एकादशीला मासेही उपाशी. मामांनी सगळं मान्य केलं. एक दिवस उपास पडला तर माशांची तब्येत उलट चांगली राहते, हे त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं. पण आत्याचा विजय पातळ होईल म्हणून ते त्यांनी तिला अजूनही सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळलं तर माझं काही खरं नाही.

मामांचा भरवण्याचा विधी रोज संध्याकाळी पाचला. गोठलेला चौकोन तसाच पेटीत टाकायचा नाही, हा पहिला नियम. वाटीत पेटीतलंच पाणी घ्यायचं, त्यात तो चौकोन सोडायचा आणि गप बसायचं. चमच्यानं ढवळायचं नाही, गरम पाणी ओतायचं नाही. तो आपला आपण सुटतो. मग लाल गाळणीत ओतून वरचं तांबूस पाणी काढून टाकायचं, कारण त्यानं पेटीतलं पाणी खराब होतं. मग माझी आतेबहीण, जिला मी ताई म्हणते, ती दाराजवळच्या बोर्डावरचं फिल्टरचं बटण बंद करायची, कारण ते चालू असलं तर अळ्या माशांच्या आधी फिल्टरच खातो. मग मामा ड्रॉपरनं थोडं थोडं सोडायचे आणि मासे अक्षरशः नाचायचे. सांडलेलं काढून घेतलं की ताई बटण चालू करायची. ती शेंद्र्यालाच एका कारखान्याच्या तपासणी विभागात कामाला होती. कंपनीच्या बसमधून उतरून, खांद्यावरची बॅगही न काढता, ती आधी त्या बटणापाशी उभी राहायची.

"तुमच्या तोंडात कुणी बर्फाचा खडा कोंबला तं?" असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पटवून द्यायचे. हा नियम त्यांनी हळूहळू सगळ्या संसाराला लावला. लग्नात आइसक्रीम मिळालं तर ते वाटी हातात धरून कोपऱ्यात बसतात आणि त्याचं दूध झालं की पितात. वाईट बातमी तर ते कुणाला थेट सांगतच नाहीत. माझ्या वडिलांचा स्कूटर घसरून हात मोडला, तेव्हा ते आत्याला सांगायची जबाबदारी मामांवर आली. मामांनी सुरुवात रस्त्यांच्या ठेक्यांपासून केली. तिथून खडी, खडीवरून डांबर, डांबरावरून पावसाळा, असं करत ते स्कूटरच्या मागच्या चाकापर्यंत आले, तेव्हा आत्या म्हणाली, "आवं, हात मोडला का पाय, तेवढं बोला. मला भाकरी टाकायच्यात."

माझ्या पत्रकांचंही त्यांनी असंच केलं. आमच्या शहरात नळाला पाणी जावयासारखं येतं. कधी येणार ते सांगत नाही, आलं की सगळ्यांनी हातातली कामं टाकून पुढं पळायचं, आणि गेल्यावर पुढच्या खेपेपर्यंत त्याचीच चर्चा. त्यावर मी एक सणसणीत पत्रक काढलं. गल्लीतल्या एका गृहस्थांनी ते घेतलं, वाचलं, आणि बोट थेट मामांच्या पेटीकडं केलं: हा बघा पाण्याचा नास. स्वतः रोज पाइप लावून गाडी धुणारा माणूस! मामांनी त्यांना आत बोलावलं, पेटीतून काढलेलं जुनं पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला कसं जातं ते दाखवलं, आणि जाताना कढीपत्त्याची मूठभर पानं दिली. मग माझं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाले, "लई थंड हाये गं, माय."

मी भडकले. "थंड? मामा, आग आहे ती!"

"आग नाय, बर्फ. चटका दोन्हीचा बसतो, म्हून तुला वळखू येईना. जरा भिजू दे अन् मग वाट."

मी ते मनावर घेतलं नाही. मी आजही नाही घेत. काही गोष्टी लोकांच्या तोंडावर फेकाव्याच लागतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तरीही पुढची हकिगत मला सांगावीच लागेल.

ताईला स्थळ आलं. भरपूर जमीन, मुलगा कंपनीत, घर कडक माळकरी. मध्यस्थ आमच्याच गल्लीतले, ढाब्याच्या मागच्या अंगणातले जुने मानकरी. आत्या हरखून गेली. मध्यस्थांनी आधीच कानावर घातलं होतं की लग्नानंतर नोकरी चालणार नाही, पण ताईला स्थळाबद्दल बरंवाईट काहीच म्हणायचं नव्हतं, तिला फक्त शेंद्र्याची बस सोडायची नव्हती. "आईला कसं सांगू?" असं तिनं मला विचारलं. मी लगेच चार मुद्दे काढून दिले. तिनं ते वाचून परत दिले. म्हणाली, "हे मी आईला वाचून दाखवू?"

पाहुणे येणार त्या दिवशी आत्यानं घर धुऊन काढलं. लाल गाळणी, ड्रॉपर, वाटी असा सगळा संसार एका पिशवीत घालून तिनं मामांच्या देखत दिवाणाखाली सारला. पाकीट मटारच्या मागं गेलं. "पाहुणे हायेत तवर माशाचं नाव काढायचं नाय," ती मामांना म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "अन् तू तोंड उघडू नको. पत्रक-बित्रक घरी ठिवून ये."

पाहुणे चारला येणार होते, ते पावणेपाचला आले. मुलाचे वडील धिप्पाड, बसले की दिवाण बोलायचा. आई बोटांनी पदराचं टोक मोजत होती. मुलगा मोबाइल उलटा ठेवून बसला होता, आणि त्याचा जीव त्या उलट्या बाजूत होता. ताईनं चहा आणला. घोट घेऊन वडील म्हणाले, "मुलगी चांगलीये. आमचं एकच म्हननं हाये. नोकरी बंद. आमच्यात सुनांनी भाईर जायची रीत नाय."

ते वाक्य गोठलेल्या ठोकळ्यासारखं तसंच, आख्खं, खोलीच्या मधोमध पडलं. ताई फरशीकडं बघत होती. आत्या घाईघाईनं म्हणाली, "व्हईल की समदं हळूहळू." मध्यस्थ म्हणाले, "पोरीला काय, घर मोठंय, करमन." मी मुलाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "घरचे म्हणतील तसं." मी पदर खोचला. खरं तर ड्रेस होता, पण मनातल्या मनात खोचला. पहिलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मामा उठले.

घड्याळात पाच वाजले होते. मासे काचेला तोंड लावून रांगेत उभे होते. मामा स्वयंपाकघरात गेले, फ्रीजर उघडल्याचा आवाज आला, आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाहेर आले तेव्हा एका हातात वाटी होती, तीत लाल चौकोन. दुसऱ्या हातात गाळणी होती. हिरव्या दांड्याची. तिच्या जाळीला आत्ताच्या चहाची पत्ती अजून चिकटलेली होती.

मामांनी वाटीत पेटीतलं पाणी घेतलं आणि ते पेटीजवळच्या स्टुलावर बसले. चौकोन सुटेपर्यंत वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ पाहुणे त्या वाटीकडं बघत राहिले. मग मामांनी वाटी गाळणीत उपडी केली. चहापत्तीवर अळ्या पसरल्या.

"हे काय हो?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"अळ्या," मामा म्हणाले. "मेलेल्या हायेत. गोठवलेल्या. माशाला लागतात."

"अन् ही गाळणी?"

"चहाची."

मामा कधी खोटं बोलत नाहीत, आणि तेव्हाही बोलले नाहीत. 'रोज हीच वापरता का?' असं विचारलं असतं तर त्यांनी 'नाय' सांगितलं असतं. 'आमच्या चहाच्या आधी वापरली होती का?' असं विचारलं असतं तरी 'नाय' सांगितलं असतं. पण पाहुण्यांनी विचारलं नाही. मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला, बशी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे पायानं दूर सारला. मध्यस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, "माळकऱ्याच्या घरात किडे! श्शी, श्शी, धर्म बुडाला राव!" आदल्याच रविवारी ज्या दातांनी त्यांनी ढाब्यावर मटणाची नळी फोडली असेल, त्याच दातांनी ते हे बोलले. मुलाला मात्र मासे आवडले असावेत. बाहेर पडताना तो एकदा वळून काचेकडं बघत होता, पण वडिलांनी हाक मारली.

मामांनी ताईकडं मान वर करून पाहिलं. "बटन," एवढंच म्हणाले. ताई उठली, दाराजवळ गेली, फिल्टर बंद केला, आणि भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते नुसतंच पाणी उरलं.

आत्यानं हिरवी गाळणी त्याच रात्री फेकून दिली आणि मामांशी बोलणं टाकलं. नवी गाळणी आली, तरी बोलणं आलं नाही. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "इसरलात व्हय तुमी त्या दिशी?"

मामांनी नेहमीसारखी लांबून सुरुवात केली नाही. "लाल गाळणी दिवानाखाली व्हती," ते म्हणाले. "मला ठाऊक व्हतं. पाव्हने त्याच दिवानावर बसले व्हते, म्हून नाय काढली असं म्हनता आलं आसतं. पन तसं नाय. पोरीला नोकरी पायजे. त्यांचा नेम त्यांच्यापुरता." आणि थोडं थांबून म्हणाले, "तुला आधी सांगायला पायजे व्हतं. तवा येळ नव्हता, भिजवायला."

निवडलेली मेथी आत्यानं पुन्हा एकदा निवडली. मी तिथं होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला पुरवणी मुद्दा सुचला नाही.

ताईनं नोकरी केली. चांगली केली, म्हणून कंपनीनं तिला चाकणच्या कारखान्यात मोठ्या जागेवर पाठवलं. ती गेली तेव्हा मामांनी तिला डबा दिला, पाण्याची बाटली दिली, आणि बस सुटेपर्यंत चाकणच्या पाण्यात क्षार किती असतील याबद्दल बोलत राहिले. बस गेल्यावर म्हणाले, "चल माय. पाच वाजतील."

आता पाचला मामा एकटेच असतात. आत्या त्या वेळी भजनाला जाते. त्यांच्यात बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, पण अळ्यांच्या कामात ती बटणालाही हात लावत नाही, आणि मामाही तिला म्हणत नाहीत. तिचा नेम तिच्यापुरता. मामांचे गुडघे गेले आहेत. वाटी ठेवायची, भिंत धरून बोर्डापर्यंत जायचं, बटण बंद करायचं, परत यायचं, भरवायचं, आणि पुन्हा बोर्डापर्यंत. पहिलं जाणं जमतं. मासे खाताना बघत बसले की दुसरं जाणं विसरतात. एकदा फिल्टर रात्रभर बंद राहिला आणि सकाळी सगळ्यात जुना एंजल आडवा तरंगत होता. मामांनी तो जास्वंदीच्या बुडाशी पुरला. ताईला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. भिजत घातलं आहे, असं म्हणतात.

ताईनं कुरियरनं एक प्लग पाठवला होता. तिनं चाकणमधून फोनवर बोट लावलं की इथला फिल्टर बंद व्हायचा. मामा तिला फोन लावून सांगायचे, "हां, कर आता बंद." थोडे दिवस मजा आली. मग एका संध्याकाळी ती मीटिंगमध्ये होती, तिनं फोन उचलला नाही, अळ्या वाटीत सुटून बसल्या आणि मासे काचेला तोंड लावून ताटकळले. दुसऱ्या दिवशी मामांनी प्लग खोक्यात घालून ठेवला. "कामात टोचू नाय लेकराला," म्हणाले.

मी जाते, पण पोटासाठी संध्याकाळी पाच ते सात या वेळात शिकवण्या घेते, आणि उरलेल्या संध्याकाळी मोर्चे असतात. तेही नेमके पाचलाच निघतात.

म्हणून ही विनंती. आजवर मी जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांच्या तळाशी 'हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा' असं ठोकून दिलं. या वेळी एक माणूस पुरे. पुंडलिकनगरात किंवा जवळपास राहत असाल आणि संध्याकाळी पाचला मोकळे असाल, तर गल्लीत कुणालाही विचारा, अळ्यावाल्यांचं घर कुठलं. नाक मुरडत का होईना, पण दाखवतील. चप्पल बाहेर काढा, काचेवर टकटक करू नका, आणि दाराजवळचं बटण बंद करून तिथंच उभे राहा. मामा बोलायला लागतील, खूप लांबून सुरुवात करतील. घाई करू नका. त्यांचं सुटेपर्यंत थांबा. आणि निघताना बटण आठवणीनं चालू करा.